स्नो

दिवसा पंचेचाळीस पूर्णांक सहा होतं,
रात्री साडेबाराला चौतीस.
मे महिन्यात नागपुरात झोप ही सरकारी योजना असते:
जाहीर होते, पोचत नाही.
सगळं शहर कूलरसमोर उताणं पडलेलं
आणि आम्ही दोघं काटोल रोडच्या कंट्रोल रूममध्ये
त्या सगळ्या कूलरांचं वजन
पडद्यावरच्या एका हिरव्या रेषेत बघत बसलेलो.

उईके नवा आहे, सव्वीसचा, देवलापारकडचा.
त्यानं मोबाईल रजिस्टरला टेकवून ठेवला.
"युरोपातली गाण्याची स्पर्धा आहे मॅडम,
एकेक देश गाऊन राह्यला."
मी म्हटलं, आवाज कमी. डोळा रेषेवर.

बरेचसे इंग्रजीत गात होते.
धूर, आगीचे फवारे, चकाकणारे खांदे.
मग स्वीडनची आली एक मुलगी,
पिवळा रेनकोट, पायात गुडघाभर बूट,
आणि आपल्या घरच्याच भाषेत गायला लागली.
"काय म्हणून राह्यली?"
"मले काय माहीत, मॅडम."

एक शब्द मात्र मला लागला: स्नो,
किंवा त्याच्या शेजारचं काहीतरी.
पुन्हा आला, ओठांचा चंबू करून, लांबवून.
मला आईचा स्नो दिसला,
महालातल्या खोलीत, खिडकीच्या फळीवर,
पांढऱ्या काचेची बाटली, पत्र्याचं झाकण.
लग्नकार्यालाच उघडायची.
तळाला उरलेला आई आकड्यानं खरवडून काढायची
आणि घामावरच लावायची.
बसायचा नाही. पांढरे ओघळ मानेपर्यंत.
तेवढाच बर्फ पडला आमच्या घरात.

मग ती म्हणाली: या, या, या.
आता हे तर मला येतच होतं.
दारात कोणी चप्पल काढत उभं असावं
तशी मी खुर्चीत सावरून बसले.

तेवढ्यात जरीपटक्याचा फीडर पडला.
फोन. पुन्हा फोन.
एकानं सरळ विचारलं, आई ब्याऐंशीची आहे माझी,
पंखा कधी सुरू करता?
सहा मिनिटं लागली.
गाणं तीनच मिनिटांचं असतं म्हणे, तसा नियमच आहे.
लाईट आले तेव्हा
दुसराच कोणी देश ढोल बडवत होता.

तीन वाजल्यानंतर निकाल.
नटलेली माणसं, दहा, बारा, टाळ्या.
स्वीडनला चार. तीन. काही नाही. काही नाही.
कॅमेरा तिच्यावर गेला तेव्हा
ती बूट काढून सोफ्यावर मांडी घालून बसली होती
आणि काहीतरी खात होती.

उईकेनं शोधून सांगितलं,
"'या' म्हणजे 'हो', मॅडम."
म्हणजे ती कोणाला बोलावत नव्हती.
कोणीतरी काही विचारलं होतं
आणि ती तीनदा हो म्हणाली.
काय विचारलं, ते दुसऱ्या कडव्यात असेल.

मी म्हटलं, इंग्रजीत गायली असती तर
उईके बोलला नाही.
त्याची आजी गोंडी बोलते.
त्याला समजते, म्हणतो, बोलता मात्र येत नाही,
शिव्या तेवढ्या येतात.
फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहिली आहे त्यानं.
मी पाहिलाय तो फॉर्म. मीच तपासला होता.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
००:४३ फीडर बंद, ००:४९ पूर्ववत. सही.
आणखी कशाला तिथं रकाना नाही.

सहाला सुटलो. टपरीवर तर्री-पोहे,
पहिल्याच घासाला कपाळ ओलं.
उईके फोन घेऊन बाजूला गेला
आणि अडखळत,
नदीत पायाखालचा दगड चाचपावा तसं,
एक अख्खं वाक्य गोंडीत बोलला.
पलीकडून म्हातारी इतक्या मोठ्यानं हसली
की पोहेवाल्यानंही मान वळवली.

"काय म्हटलंस रे?"
"काही नाई मॅडम.
पोहे खाऊन राह्यलो म्हटलं."